कट्ट्यावरची निवड समिती

भारतीय क्रिकेट संघ जाहीर झाला की अधिकृत निवड समितीचे काम संपते आणि उरलेल्या देशाचे सुरू होते. दूधकेंद्रावर, बँकेच्या रांगेत, दवाखान्याच्या बाकावर, लग्नाच्या पंगतीत एकच चर्चा रंगते: कोणाला घेतले, कोणाला डावलले आणि ज्याचा सूर हरपला आहे त्याला आणखी किती संधी द्यायच्या? आरोग्याला वाहिलेल्या पाक्षिकात हा विषय कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. माझे उत्तर साधे आहे. गेल्या तीन वर्षांत आमच्या घरात औषधांनी त्यांचे काम चोख केले. पण औषधांच्या हाताला न लागणारे एक काम या वादाने केले. त्याची हकिगत रुग्णाईतांच्या आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांच्या उपयोगी पडेल, म्हणून लिहीत आहे.

माझे यजमान दादरचे. शिवाजी पार्कच्या मैदानाला वेढणाऱ्या बुटक्या भिंतीवर, म्हणजे कट्ट्यावर, त्यांची साठ वर्षांची बैठक. मित्रमंडळ शाळेपासूनचे: एक रेल्वेतून निवृत्त झालेले, एक बँकेतून, एक शाळामास्तर, एक औषधविक्रेते. राजकारणावर त्यांचे एकमत होई, भावकीच्या भांडणांवर ते मौन पाळत, पण संघनिवडीवर मात्र कधी तडजोड होत नसे. समोर मैदानात पोरांचा सराव चालू असायचा. ज्या मैदानाने अजित वाडेकर, सचिन तेंडुलकर घडताना पाहिले, तिथे बसून बोलणाऱ्याला आपणही निवड समितीचे सन्माननीय सदस्य आहोत असे वाटले, तर त्यात नवल नाही.

या बैठकीचा मूळपुरुष म्हणजे १९७१ सालचा वाद. त्या वर्षी वेस्ट इंडीजच्या दौऱ्यासाठी कर्णधार निवडायचा होता. पतौडींचे नाव मोठे. परंतु मते समसमान पडल्यावर निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांनी आपले निर्णायक मत वाडेकरांच्या पारड्यात टाकले. त्याच दौऱ्यासाठी दिलीप सरदेसाई यांची निवड झाली. मडगावात जन्मलेले आणि मुंबईकडून खेळणारे सरदेसाई तेव्हा तिशी ओलांडलेले होते आणि त्यांची संघातली जागा मुळीच पक्की नव्हती. ‘यांना आता कशाला?’ असे म्हणणारे पुष्कळ होते. माझे यजमान तेव्हा वीस वर्षांचे होते, आणि म्हणणाऱ्यांत तेही होते. पहिल्याच कसोटीत, किंग्स्टनला, भारताचे पाच गडी ७५ धावांत परतले असता सरदेसाईंनी एकनाथ सोलकरांच्या साथीने डाव सावरला आणि २१२ धावा केल्या. मालिकेत त्यांच्या ६४२ धावा झाल्या. बोट दुखावल्यामुळे पहिल्या कसोटीला मुकलेल्या सुनील गावसकरांनी उरलेल्या चार कसोट्यांत ७७४ धावा केल्या. भारताने वेस्ट इंडीजमध्ये पहिल्यांदाच मालिका जिंकली. वर्तमानपत्रांतले त्या दौऱ्याचे धावफलक कापून यजमानांनी वहीत चिकटवले होते. ती वही अजून कपाटात आहे. ‘आकडे पाहून माणूस मोडीत काढू नये’ हे त्यांचे तत्त्व त्याच वहीतून आलेले.

जानेवारी २०२३ मध्ये, एका सकाळी चहाचा कप त्यांच्या उजव्या हातातून निसटला. काय झाले म्हणून विचारले, तर तोंडून शब्द येईना. ओठ एका बाजूला झुकले होते. मुलाने वेळ न दवडता रुग्णालयात नेले. मेंदूच्या डाव्या भागातील रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती. अशा वेळी पहिले साडेचार तास फार मोलाचे असतात. गुठळी विरघळवणारे औषध सामान्यतः त्याच अवधीत देता येते. ते त्यांना मिळाले. पाय सुधारला, हात बराचसा सुधारला. वाचा मात्र पूर्वीसारखी परतली नाही.

या अवस्थेला वाचाघात म्हणतात. भाषेचा कारभार बहुतेक माणसांत मेंदूच्या डाव्या भागाकडे असतो. तिथे इजा झाली की भाषेवर आघात होतो. त्याचे प्रकार अनेक आहेत. काहींना बोललेले नीट समजत नाही. काहींना समजते सारे, पण शब्द सापडत नाहीत. यजमान दुसऱ्या गटातले. ‘पाणी’ म्हणायचे असते, तोंडून ‘पान’ येते. ‘हो’ म्हणायचे तिथे ‘नाही’ निघून जाते. आकडे उलटेपालटे होतात. विचार, आठवण, आवडनिवड, विनोदबुद्धी हे सारे आत जसेच्या तसे असते आणि बाहेर येण्याचे दार तेवढे अडकलेले असते. ज्याला हे ठाऊक नाही त्याला वाटते, माणसाची बुद्धीच गेली. वाचाघाताच्या रुग्णाला सर्वांत अधिक त्रास होतो तो या गैरसमजाचा.

पाच महिन्यांनी, जूनमध्ये, ते काठी घेऊन कट्ट्यावर गेले. मित्रांनी टाळ्या वाजवून स्वागत केले. नुकताच ओव्हलवर जागतिक कसोटी अजिंक्यपदाचा अंतिम सामना झाला होता. वर्षाहून अधिक काळ संघाबाहेर राहिलेल्या अजिंक्य रहाणेने त्यात पुनरागमन करून पहिल्या डावात ८९ आणि दुसऱ्या डावात ४६ धावा केल्या होत्या. सामना आपण हरलो. परंतु मोडीत काढलेला फलंदाज परत येऊन उभा राहतो, ही गोष्ट यजमानांच्या जिव्हाळ्याची. त्यांनी बोलायला सुरुवात केली. “अजिंक्य… अजिंक्य…” आणि मग मोठ्या कष्टाने, “अठ्ठ्याण्णव.”

“वा! बरोबर!” सगळे एकमुखाने म्हणाले.

आकडा चुकला होता. तो चुकल्याचे त्यांना स्वतःला कळले होते, कारण आपण चुकीचा शब्द उच्चारला हे अशा रुग्णांना पुष्कळदा लगेच उमगते. आणि समोरच्या चारही जणांना खरा आकडा पाठ आहे, हेही त्यांना ठाऊक होते. एरवी एका धावेच्या फरकावरून पैज लावणारे हे मित्र ८९ चे ९८ झाले तरी माना डोलावत होते. पुढचा अर्धा तास असाच गेला. ते जे म्हणतील त्याला होकार. ते अडखळले की दोघे-तिघे मिळून वाक्य पुरे करीत. नंतर प्रश्नही माझ्याकडे वळू लागले: “वहिनी, याला चहा चालतो ना?” मित्रांच्या मनात प्रेमाखेरीज काही नव्हते. पण साठ वर्षे ज्या माणसाशी ते कडाकडा भांडले, त्याच्याशी ते आता भांडेनासे झाले होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चपला समोर ठेवल्या, तर त्यांनी मान हलवली. तिसऱ्या दिवशीही तेच. पुढे पाच महिने ते कट्ट्यावर गेले नाहीत. जेवण कमी झाले, झोप तुटू लागली, सामना चालू असला तरी ते भिंतीकडे तोंड करून पडून राहत. पक्षाघातानंतर साधारण तीनांपैकी एका रुग्णाला नैराश्य येते, आणि बोलता येत नसल्यास ते ओळखणेही अवघड जाते; रुग्ण आपले दुःख सांगणार कसे? डॉक्टरांनी ते ओळखले आणि औषध सुरू केले. त्याने झोप सावरली, भूक आली. घराबाहेर पाऊल मात्र पडेना.

याच सुमारास वाचा-उपचारतज्ज्ञ आठवड्यातून दोनदा घरी येऊ लागल्या होत्या. मुलगी तरुण, कामात हुशार. ती चित्रे दाखवून विचारी, “काका, हे काय?” कंगवा, किल्ली, कुलूप. या अभ्यासाला शास्त्रीय आधार आहे आणि त्याचा उपयोगही होतो. परंतु आयुष्यभर पुलांचे आराखडे केलेल्या अभियंत्याला ‘कंगवा’ हा शब्द न सापडणे म्हणजे काय, हे त्यांच्या कपाळावर दिसत असे. प्रत्येक चित्र ही परीक्षा होती आणि त्या परीक्षेत नापास होण्याची सोय होती.

नोव्हेंबरच्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यासाठी कसोटी संघ जाहीर झाला. त्यात रहाणे नव्हता, पुजाराही नव्हता. त्या संध्याकाळी रेल्वेतले मित्र अचानक घरी आले. यजमान पलंगावर बसले होते. बातमी त्यांनी वाचली होती. वाचणे त्यांना हळूहळू जमू लागले होते. मित्राला पाहताच ते म्हणाले, “अजिंक्य… हवा.”

“मुळीच नको,” मित्र म्हणाले. “वेस्ट इंडीजमध्ये काय केलं त्यानं? दोन डावांत मिळून अकरा धावा! नव्या पोरांनी खेळायचं कधी? डोकं फिरलंय का तुझं?”

शेवटचे वाक्य तोंडून गेले आणि खोलीत शांतता पसरली. ज्याच्या मेंदूत गुठळी होऊन गेली, त्याला असे म्हटलेले ऐकून मित्राचा चेहरा उतरला. यजमानांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिले आणि ते हसू लागले. खांदे हलेपर्यंत हसले. मग डाव्या हाताने कपाटाकडे बोट दाखवून म्हणाले, “वही.” मी वही काढून दिली. त्यांनी सरदेसाईंच्या धावफलकाचे पान उघडले आणि त्यावर बोट ठेवून बसले. युक्तिवाद पूर्ण झाला होता. मित्राने तो मान्य केला नाही. “तो काळ वेगळा होता,” असे म्हणून त्यांनी आणखी वीस मिनिटे हुज्जत घातली. त्या वीस मिनिटांत यजमान जितके शब्द बोलले, तितके मागच्या महिन्याभरात बोलले नव्हते. दुसऱ्या दिवशी साडेपाचला त्यांनी स्वतःच चपला घातल्या.

उपचारतज्ज्ञ मुलीला हे सांगितले तेव्हा ती उत्साहाने म्हणाली की आता चित्रे बाजूला ठेवू आणि संघ निवडू. तिने समजावून सांगितले ते मला फार पटले. संघ निवडण्यात अकरा नावे आठवावी लागतात. हा शब्द शोधण्याचा व्यायाम. फलंदाजीचा क्रम लावावा लागतो; हा मांडणीचा व्यायाम. हा का आणि तो का नाही, हे सांगावे लागते. हा वाक्यरचनेचा व्यायाम. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ‘हे काय?’ या प्रश्नाला एकच उत्तर असते, तर ‘तिसऱ्या क्रमांकावर कोण?’ या प्रश्नाला बरोबर उत्तरच नाही. जिथे बरोबर उत्तर नाही, तिथे नापास होणेही नाही. रुग्णाला उत्तर विचारण्यापेक्षा मत विचारावे, हे सूत्र मी तेव्हापासून घरातल्या प्रत्येक गोष्टीला लावते. ‘आज वार कोणता?’ असे विचारण्याऐवजी ‘आज भाजी कोणती करू, मेथी की पडवळ?’ असे विचारले की मान ताठ राहते आणि शब्दही सरावात राहतो.

कट्ट्यानेही हळूहळू आपले नियम बसवले. कोणी सभा घेऊन ठराव केले नाहीत, पण एकेक गोष्ट रुळत गेली. वाचाघाताच्या रुग्णाशी बोलताना तज्ज्ञ जे सांगतात त्याच्याशी त्या मिळत्याजुळत्या आहेत, म्हणून नोंदवते. रस्त्याच्या गोंगाटापासून दूर, मैदानाच्या आतल्या बाजूला बसायचे. एका वेळी एकानेच बोलायचे. प्रश्न लहान आणि एकेकटा विचारायचा. ‘सलामीला कोण आणि यष्टीरक्षक कोण आणि फिरकी गोलंदाज किती?’ असा माळेसारखा नाही. संघाची नावे मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून आणायची, म्हणजे शब्द न सापडल्यास बोट ठेवता येते. खूण, हातवारे, चित्र, वही सगळे चालते. बोलणे म्हणजे केवळ उच्चार नव्हे. त्यांच्याविषयीचा प्रश्न त्यांनाच विचारायचा, वहिनींना नाही. उत्तरासाठी थांबायचे. मनातल्या मनात दहा अंक मोजायचे, मगच मदत करायची, तीही ‘सांगू का?’ असे विचारून. आणि आकडा चुकला तर सांगायचे, जसे कोणालाही सांगितले असते तसेच. “अठ्ठ्याण्णव नाही रे, एकोणनव्वद!” हे ऐकताना त्यांच्या चेहऱ्यावर जी बरोबरीची भावना येते, ती ‘वा, बरोबर!’ ऐकताना कधी आली नव्हती. आपली चूक दाखवण्याइतके आपण अजून हिशेबात आहोत, हे माणसाला कळते.

शाळामास्तरांना दोन वर्षांपासून ऐकू कमी येत होते. गोंगाटात त्यांचे ‘काय म्हणालास?’ सतत चाले आणि तेही मागे मागे सरकू लागले होते. एकेकाने बोलण्याचा नियम झाल्यावर त्यांनाही वादात परत येता आले, आणि पुढे मुलीच्या आग्रहावरून त्यांनी श्रवणयंत्र घेतले. स्मृतिभ्रंशाविषयी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ-आयोगाने २०२४ साली टाळता येण्याजोगी जी चौदा जोखमीची कारणे सांगितली, त्यांत ऐकू न येणे आणि एकाकीपणा ही दोन्ही आहेत. एक दुसऱ्याला कसे जन्म देते, हे आमच्या कट्ट्याने डोळ्यांसमोर पाहिले.

ऑगस्ट २०२५ मधली एक संध्याकाळ मला सांगावीशी वाटते. आशिया चषकासाठी संघ जाहीर झाला होता आणि त्यात श्रेयस अय्यरचे नाव नव्हते. त्या आठवड्यात मुंबईला पावसाने झोडपून काढले होते, त्यामुळे कट्ट्याचा राग दोन-तीन दिवस घरातच साठून राहिला होता. पाऊस उघडताच सारे जमले. चॅम्पियन्स करंडकात भारताकडून सर्वाधिक २४३ धावा त्याच्या. आयपीएलमध्ये ६०४ धावा, शिवाय पंजाबला अंतिम सामन्यापर्यंत नेले. आणि तरीही पंधरांत जागा नाही! निवड समितीचे अध्यक्ष अजित आगरकर तर याच मैदानातले. मुंबईच्या मुलावर मुंबईच्या माणसाने अन्याय केला, अशी एकमुखी ओरड झाली. औषधविक्रेते तर उभे राहून बोलत होते.

यजमान पंधरा नावांचा कागद मांडीवर घेऊन बसले होते. खालपासून वरपर्यंत प्रत्येक नावावरून त्यांचे बोट फिरले. मग त्यांनी तो कागद उचलून सर्वांसमोर धरला आणि एकच शब्द उच्चारला, अगदी स्वच्छ.

“कोणाऐवजी?”

कोणी काही बोलेना. बँकेतल्या मित्राने एका नावावर बोट ठेवले, तर रेल्वेतले म्हणाले, “तो गेला तर डावखुरा कोण?” दुसऱ्या नावावर बोट गेले, तर मास्तरांनी हरकत घेतली. तासभर खल झाला आणि पंधरापैकी एकही नाव सर्वानुमते खोडता आले नाही. संघनिवडीच्या वादातला सारा अवघडपणा त्या एका शब्दात होता. अमक्याला घ्या म्हणणे सोपे; कोणाला काढता, हे सांगण्याची जबाबदारी कोणालाच नको असते. पन्नास वाक्ये बोलू शकणाऱ्या चौघांना न सुचलेला प्रश्न, दिवसाकाठी मोजके शब्द हाती असणाऱ्याने विचारला होता. त्या दिवशी त्यांच्याकडे कोणी रुग्ण म्हणून पाहिले असेल, असे मला वाटत नाही.

फॉर्म या शब्दाला मराठीत ‘सूर’ म्हणतात, हे मला फार आवडते. सूर हरपतो, म्हणजे गाणे विसरते असे नाही. विराट कोहलीने नोव्हेंबर २०१९ मध्ये कोलकात्याला बांगलादेशाविरुद्ध १३६ धावा केल्या आणि त्यानंतरच्या आंतरराष्ट्रीय शतकासाठी त्याला सप्टेंबर २०२२ पर्यंत थांबावे लागले. जवळजवळ तीन वर्षे. या काळात तो फलंदाजी विसरला होता काय? आमच्या घरीही चांगले दिवस असतात आणि वाईट दिवस असतात. सकाळी शब्द भराभर येतात, संध्याकाळी थकव्याने अडतात. सर्दीतापात महिन्याभराची प्रगती पुसल्यासारखी वाटते आणि ताप उतरल्यावर परत येते. पक्षाघातानंतर सुधारणेचा वेग पहिल्या काही महिन्यांत अधिक असतो हे खरे. पण वाचेतील सुधारणा सराव चालू ठेवल्यास वर्षानुवर्षे होत राहते. एका डावावरून फलंदाजाला जोखू नये, तसे एका दिवसावरून रुग्णाला जोखू नये. काळजी घेणाऱ्याने आठवड्याआठवड्याची नाही, सहा-सहा महिन्यांची तुलना करावी.

यजमानांना स्वतःला मात्र दुसरे उदाहरण प्रिय आहे. २००३-०४ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात तेंडुलकरचे पहिल्या तीन कसोट्यांतले डाव होते ०, १, ३७, ० आणि ४४. ऑफ यष्टीबाहेरच्या चेंडूने तो पुन्हा पुन्हा बाद होत होता. सिडनीच्या शेवटच्या कसोटीत त्याने आपला लाडका कव्हर ड्राइव्ह जवळजवळ टाळलाच. मोह झाला तरी बॅट आवरली, लेगच्या बाजूला धावा जमवल्या आणि ४३६ चेंडूंत नाबाद २४१ धावा केल्या. यजमान हे सांगताना बॅट धरल्याचा अभिनय करतात, ड्राइव्हसाठी पुढे येतात आणि मध्येच हात मागे घेऊन बोटाने ‘नाही’ म्हणतात. त्यांचे म्हणणे मला कळते. जो शब्द हमखास दगा देतो त्याच्या मागे न लागता ते आता वळसा घालून जातात. ‘गावसकर’ हे नाव अडले तर दोन्ही हातांनी डोक्यावरची पांढरी टोपी दाखवतात. ‘विमा’ अडले तर ‘कागद, पैसे, वर्षाला’ म्हणतात. वळसा घालून पोहोचणे ही वाचाघाताच्या उपचारातली मान्य पद्धत आहे. धावा कोणत्या बाजूने आल्या, हे फलकावर लिहिलेले नसते.

सगळ्या गोष्टी इतक्या गोड नसतात, हेही सांगायला हवे. पद्माकर शिवलकरांनी प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये ५८९ बळी घेतले, पण त्यांना एकही कसोटी खेळायला मिळाली नाही. कष्ट केले म्हणजे फळ मिळतेच असे नाही, हे क्रिकेट जितके स्पष्ट सांगते तितकेच आजारपणही सांगते. यजमान आता पूर्वीसारखे बोलणार नाहीत. फोनवर त्यांना अजून बोलता येत नाही. परदेशी असलेल्या नातीला गोष्ट सांगता येत नाही आणि ते दुःख कमी होत नाही. कट्ट्याने त्यांना वाचा परत दिली नाही. वाचा कमी असूनही बसता येईल अशी जागा दिली.

एक सावधगिरीची सूचना. २००६ साली जर्मनीत झालेल्या फुटबॉल विश्वचषकाच्या वेळी म्युनिक परिसरात केलेल्या अभ्यासात, यजमान संघाचे सामने असलेल्या दिवशी हृदयविकाराच्या तातडीच्या घटना अडीच पटींहून अधिक आढळल्या. ज्यांना आधीपासून हृदयविकार होता, त्यांना धोका अधिक होता. तेव्हा अटीतटीच्या सामन्याच्या दिवशीही रक्तदाबाची गोळी वेळेवर घ्यावी, रात्रीचे जागरण आणि फरसाणाची बशी आवरावी, अधूनमधून उठून चार पावले चालावे. छातीत दुखले, तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोलणे अडखळले, तर षटक संपण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. संघनिवडीच्या वादाचा एक लाभ असा की त्यात शेवटचे षटक नसते. हवा तेव्हा थांबवता येतो आणि उद्या पुन्हा सुरू करता येतो.

काळजी घेणाऱ्यांसाठी आणखी एक. साडेपाच ते सात हा वेळ आता माझा आहे. त्यांना कट्ट्यावर सोडून मी मैदानाला दोन फेऱ्या मारते, एखाद्या मैत्रिणीकडे जाते, कधी नुसतीच बसते. ज्याची सेवा आपण करतो त्याला आपल्याखेरीज इतर माणसे असणे, हे आपल्याही प्रकृतीला आवश्यक असते. हे स्वार्थाचे बोलणे नाही. दोघांनाही श्वास घ्यायला जागा लागते.

ज्यांच्या घरी क्रिकेटची आवड नाही, त्यांनी निराश होण्याचे कारण नाही. नाट्यसंगीतात कोणाचे गाणे सरस, पुरणात जायफळ घालावे की वेलची, गणपती दीड दिवसाचा बरा की पाच दिवसांचा; मराठी माणसाला मतभेदाला विषय कमी पडल्याचे मी ऐकलेले नाही. आजारी स्नेह्याला भेटायला जाताना आपण फळे नेतो, देवाचा अंगारा नेतो, ‘लवकर बरे व्हा’ असे म्हणतो. ते जरूर न्यावे आणि म्हणावे. सोबत त्याच्याशी जुळत नसलेले आपले एखादे ठाम मतही न्यावे, ते त्याच्यापुढे मांडावे आणि उत्तराची वाट पाहत स्वस्थ बसावे. उत्तर यायला वेळ लागेल. आमच्याकडे तिसऱ्या क्रमांकावर कोणी खेळावे याचा निर्णय अद्याप झालेला नाही, आणि यजमानांचे मत मला बिलकूल मान्य नाही. तसे मी त्यांना रोज सांगते.